घरात कॉम्प्युटर एकच: फाइल खरोखर कुलपात कशी ठेवायची

नोटपॅड उघडायचं, कुठूनतरी मिळालेला वीस-पंचवीस ओळींचा कोड त्यात चिकटवायचा, 'लॉकर डॉट बॅट' अशा नावानं सेव्ह करायचा आणि त्यावर दोनदा क्लिक करायचं. एक फोल्डर तयार होतो. त्यात हवं ते टाका, पुन्हा त्याच बॅट फाइलवर क्लिक करा, लॉक करायचं का या प्रश्नाला हो म्हणा, की फोल्डर गायब! परत हवा असेल तर पासवर्ड विचारला जातो. 'कोणतंही सॉफ्टवेअर न घेता फोल्डर लॉक करा' म्हणून ही युक्ती कित्येक वर्षं फिरते आहे, आणि घरातल्या एकुलत्या एका कॉम्प्युटरवर काही खासगी ठेवू पाहणारे पुष्कळ जण कधी ना कधी तिच्या वाटेला जातात.

आता त्याच बॅट फाइलवर राइट क्लिक करून 'एडिट' म्हणा. मधल्या एका ओळीत पासवर्ड साध्या अक्षरांत लिहिलेला दिसेल. खरं तर तो वाचायचीही गरज नाही. हा कोड करतो काय, तर फोल्डरचं नाव बदलून त्याला 'कंट्रोल पॅनल'चं सोंग देतो आणि त्यावर 'हिडन' व 'सिस्टीम' अशा दोन खुणा लावतो. एक्सप्लोररच्या पर्यायांत जाऊन लपलेल्या फाइली आणि सिस्टीमच्या फाइली दाखवायला सांगितलं की फोल्डर समोर येतो. कमांड प्रॉम्प्टमधून नाव बदललं की सोंगही उतरतं. आतल्या फाइली जशाच्या तशा, त्यांना कुणी हातही लावलेला नसतो. घरात नववी-दहावीतलं पोर असेल तर त्याला दहा मिनिटं पुरतात.

'फोल्डर लॉक' या नावाखाली बाजारात जे जे मिळतं, त्यात तीन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र विकल्या जातात. पहिली लपवण्याची, वर सांगितली ती. दुसरी अडवण्याची: फाइल तिथेच असते, दिसतेही, पण ऑपरेटिंग सिस्टीम म्हणते की तुम्हाला परवानगी नाही. तिसरी एन्क्रिप्शनची: फाइलमधला मजकूरच अशा आकड्यांत बदलून ठेवायचा की योग्य किल्लीशिवाय त्याचा काही अर्थच लागू नये. सॉफ्टवेअर विकत घेताना किंवा फुकटचं उतरवताना यातलं नेमकं काय मिळतंय, एवढं कळलं तरी निम्मं काम होतं.

अडवणं कुठे कमी पडतं ते पाहायला एक पेनड्राइव्ह लागतो. त्यावर उबुंटूसारखं लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम, टाकायचं आणि कॉम्प्युटर त्या पेनड्राइव्हवरून सुरू करायचा. ड्राइव्ह एन्क्रिप्ट केलेली नसेल तर विंडोजमधल्या सगळ्या वापरकर्त्यांचे फोल्डर उघडे दिसतात: डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो. कुठेही पासवर्ड विचारत नाही, कारण परवानगी तपासणारं विंडोज त्या वेळी चालूच नसतं. हार्डडिस्क काढून दुसऱ्या मशिनला जोडली तरी तेच. विंडोजचा लॉगिन पासवर्ड म्हणजे आपल्या फाइलींना लागलेलं कुलूप, असा समज फार पसरलेला आहे. एन्क्रिप्शन नसेल तर तो पासवर्ड फक्त विंडोज चालू असेपर्यंतच कामाचा. बऱ्याच 'फोल्डर लॉकर' सॉफ्टवेअरचंही असंच असतं. ते स्वतः चालू असतात तोवर फोल्डर दिसू देत नाहीत. सेफ मोडमध्ये किंवा लिनक्समधून पाहिलं की सगळं जागच्या जागी.

तेव्हा एन्क्रिप्शन. आज जवळपास सगळीकडे त्यासाठी एईएस ही पद्धत वापरतात. अमेरिकेच्या मानक संस्थेनं जगभरातून प्रस्ताव मागवले, उघड्यावर त्यांची चिरफाड होऊ दिली आणि अखेर जोआन डेमेन व विन्सेंट रायमेन या दोन बेल्जियन संशोधकांची रचना निवडली. २००१ मध्ये ती मानक झाली. ती कशी चालते हे सगळ्यांना माहीत आहे, पुस्तकांत छापलेलं आहे. गुपित असते ती फक्त किल्ली. म्हणून एखादी कंपनी 'आमची स्वतःची गुप्त पद्धत' अशी जाहिरात करू लागली तर मी तिथूनच परत फिरतो. ज्याची कुणाला तपासणी करता आली नाही, त्यावर विश्वास ठेवायला कारणच नाही.

एईएसची किल्ली म्हणजे १२८, १९२ किंवा २५६ बिटांची संख्या. ती अंदाजानं शोधायचा विचारही कुणी करत नाही. हल्ला होतो तो पासवर्डवर, कारण माणसाच्या पासवर्डमधूनच ही किल्ली बनवली जाते. चांगलं सॉफ्टवेअर इथे मुद्दाम वेळकाढूपणा करतं: पासवर्ड टाकला की तो लाखो वेळा गणिती घाण्यातून फिरवतं आणि मगच किल्ली बनवतं. व्हेराक्रिप्ट या एन्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरमध्ये (त्याच्याबद्दल पुढे येईलच) नेहमीच्या मांडणीत हे सुमारे पाच लाख वेळा होतं. आपल्याला क्षणभर थांबावं लागतं. पासवर्डमागून पासवर्ड घालून पाहणाऱ्याला मात्र प्रत्येक वेळी तेवढंच थांबावं लागतं.

एका प्रयत्नाला अर्धा सेकंद धरून हिशोब करू. सहा आकडी पिन म्हणजे दहा लाख शक्यता. पाच लाख सेकंदांत सगळ्या संपतात, म्हणजे सहा दिवसांच्या आतच. आठ छोटी इंग्रजी अक्षरं अगदी कशीही निवडली, तर शक्यता होतात सुमारे २०,८८२ कोटी आणि त्याच एका मशिनला ३,३०० वर्षं लागतात. 'अगदी कशीही' हे इथे महत्त्वाचं. मुलाचं नाव आणि पुढे १२३ हा पासवर्ड या हिशोबात बसत नाही; तो पहिल्या काही मिनिटांत जातो, कारण प्रयत्न करणारा नावांच्या याद्यांपासूनच सुरुवात करतो. त्यातून अशी शंभर मशिनं एकदम लावणारेही असतात. एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहिले, तर लक्षातही राहतं आणि भरपूर लांबही होतं. गाण्याची ओळ, म्हण किंवा अभंगाचा चरण मात्र नको. ते शब्द आधीच एकमेकांशी बांधलेले आहेत, आणि ते आपल्याला आठवतात तसे इतरांनाही आठवतात.

आपल्याच माहितीतून बनलेला पासवर्ड किती कच्चा असतो, याचं उदाहरण प्रत्येकाच्या डाउनलोड्समध्ये पडलेलं आहे. ई-आधारची पीडीएफ उघडायला पासवर्ड लागतो: नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधली पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मवर्ष. सुनीता, जन्म १९८२, तर एस, यू, एन, आय आणि १९८२. फाइलच्या नावावरून किंवा फाइल कुणाच्या कॉम्प्युटरवर आहे त्यावरून व्यक्ती कळली, की उरतं फक्त जन्मवर्ष, म्हणजे फार तर शंभर शक्यता. हातानं टाइप करून पाहिल्या तरी एका दुपारचं काम. वय साधारण माहीत असेल तर दहा-पंधरा प्रयत्न पुरे. ई-पॅनच्या पीडीएफचा पासवर्ड जन्मतारीख असतो, म्हणजे सगळी शंभर वर्षं धरली तरी साडेछत्तीस हजार शक्यता, कॉम्प्युटरसाठी डुलकी काढण्याइतकाही वेळ नाही. ही व्यवस्था ईमेलमध्ये चुकून भलत्याला गेलेल्या फाइलसाठी ठीक आहे. घरातल्या माणसापासून किंवा दुकानातल्या कॉम्प्युटरवर ती काहीच वाचवत नाही.

आता मुख्य प्रश्न, जो सॉफ्टवेअर शोधण्याच्या आधी विचारायला हवा आणि सहसा शेवटी विचारला जातो: कुलूप कुणासाठी?

चोरासाठी, की शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्यासाठी? दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत. विंडोजमध्ये बिटलॉकर आहे, २००७ साली व्हिस्टाबरोबर लोकांच्या हातात आलेलं. ते अख्खी ड्राइव्ह एन्क्रिप्ट करतं आणि किल्ली मदरबोर्डवरच्या टीपीएम नावाच्या चिपच्या हवाली करतं. लॅपटॉप लोकलमध्ये विसरला, दुरुस्तीला दिला, जुना विकला, तर हे उत्तम. वर सांगितलेली लिनक्सच्या पेनड्राइव्हची युक्ती इथे चालत नाही. ड्राइव्हवर निव्वळ कचरा दिसतो. पण घरातल्या सामायिक कॉम्प्युटरवर त्याचं वागणं सोसायटीच्या मुख्य गेटसारखं आहे. सकाळी ज्यानं कॉम्प्युटर चालू केला त्याच्यासाठी गेट उघडलं, की आत आलेल्या प्रत्येकासाठी ते उघडंच. फ्लॅटची दारं ज्याची त्यानं लावायची. तुमच्या आणि तुमच्या भावाच्या फाइलींमध्ये बिटलॉकर काहीच भिंत घालत नाही, आणि ते त्याचं कामही नाही.

बरं, डी ड्राइव्ह तरी वेगळी लॉक करावी? विंडोजच्या प्रो आवृत्तीत ते करता येतं, तिला स्वतंत्र पासवर्ड देता येतो. इथे एक खाच आहे. पासवर्ड टाकून ती एकदा उघडली की कॉम्प्युटर पुन्हा सुरू करेपर्यंत ती उघडीच राहते, आणि त्या काळात दुसऱ्या कुणी आपल्या खात्यातून लॉगिन केलं तरी त्यालाही ती दिसते. उघडण्यासाठी छान खिडकी येते. परत लॉक करण्यासाठी मात्र तसं बटण नाही. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'मॅनेज-बीडीई' ही आज्ञा द्यावी लागते. जेवायला उठताना हे कोण करणार?

विंडोजच्या होम आवृत्तीत पूर्ण बिटलॉकर नाही; तिथे 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' नावाचा त्याचा साधा अवतार आहे. २०२४ मधल्या आवृत्तीपासून, विंडोज ११ नव्यानं टाकून मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन केलं तर बहुतेक मशिनवर तो आपोआप सुरू होतो. पुष्कळांना याचा पत्ताच नसतो. मग कधीतरी बायोसमध्ये, म्हणजे मशिन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, काही बदल होतो आणि निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की, म्हणजे ड्राइव्ह उघडायची राखीव किल्ली, मागितली जाते. ती असते ज्यानं पहिल्यांदा विंडोज लावलं त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात. घरी तो पुतण्या असतो, ऑफिसात सोडून गेलेला माणूस, आणि कधी कधी दुकानदारानं त्या वेळी घाईत बनवलेला कुठलासा ईमेल पत्ता. हा लेख वाचून एकच गोष्ट करायची असेल तर ही करा: आपल्या कॉम्प्युटरची रिकव्हरी की कुणाच्या खात्यात आहे ते पाहा आणि ती कागदावर छापून घ्या.

शेजारच्या खुर्चीवरच्या माणसासाठी पहिलं उत्तर अगदी नीरस आहे: प्रत्येकाचं वेगळं खातं. आईचं, वडिलांचं, मुलीचं. रोजचं खातं 'स्टँडर्ड' असावं, ॲडमिनिस्ट्रेटर नको. आणि ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड एकाच जबाबदार माणसाकडे असावा. घरोघरी नेमकं उलट असतं. एकच खातं, त्याला पासवर्ड नाही किंवा तो मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला, आणि तेच ॲडमिनिस्ट्रेटर. अशा मशिनवर पुढचं सगळं वाया. कारण ॲडमिनिस्ट्रेटर दुसऱ्याच्या फोल्डरचा ताबा दोन क्लिकमध्ये घेऊ शकतो. शिवाय तो एखादं असं सॉफ्टवेअर टाकू शकतो, जे तुम्ही दाबलेली प्रत्येक कळ नोंदवून ठेवतं. मग पासवर्ड पाच शब्दांचा असो की पन्नास शब्दांचा, तो त्याच्या नोंदीत जसाच्या तसा उतरतो. मशिनचा मालक ज्याच्यावर तुमचा विश्वास नाही असा माणूस असेल, तर त्या मशिनवर गुपित ठेवण्याचा उपाय कुठलंच सॉफ्टवेअर देऊ शकत नाही. विकणारे हे सांगत नाहीत.

विंडोजमध्ये ईएफएस नावाची एक जुनी सोयही आहे, विंडोज २००० पासूनची: फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ती आपल्या खात्यापुरती एन्क्रिप्ट करायची. होम आवृत्तीत मिळत नाही. आणि ॲडमिनिस्ट्रेटरनं तुमचा विसरलेला पासवर्ड 'रिसेट' करून दिला, तर लॉगिन होतं पण त्या फाइली कायमच्या जातात, जर किल्लीचा बॅकअप आधी घेतलेला नसेल तर. सुरक्षित आहे, पण मी कुणाला सुचवत नाही.

सुचवतो ते व्हेराक्रिप्ट. फुकट आहे, त्याचा कोड कुणालाही पाहता येतो, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. त्याचा पूर्वज ट्रूक्रिप्ट, २००४ चा. बनवणाऱ्यांनी आपली ओळख कधी उघड केली नाही, तरी जगभर त्यावर विश्वास होता. २८ मे २०१४ रोजी त्याच्या अधिकृत पानावर अचानक सूचना झळकली: हे वापरणं सुरक्षित नाही, त्यात न सुधारलेल्या त्रुटी असू शकतात, बिटलॉकरकडे वळा. कारण आजही कुणाला ठाऊक नाही. तर्ककुतर्क भरपूर झाले. त्याच सुमारास लोकवर्गणीतून त्याच्या कोडची तपासणी चालू होती. २०१५ मध्ये तिचा निष्कर्ष आला: काही चुका आहेत, पण मुद्दाम ठेवलेला चोरदरवाजा सापडला नाही. त्या आधीच, २०१३ मध्ये, मुनीर इद्रासी यांनी हाच कोड घेऊन व्हेराक्रिप्ट सुरू केलं होतं. त्याचीही २०१६ मध्ये बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी झाली, त्रुटी निघाल्या आणि बहुतेक दुरुस्त झाल्या. त्रुटी निघाल्याचं वाचून घाबरायचं कारण नाही. ज्या सॉफ्टवेअरमध्ये कधीच काही सापडलं नाही, ते बहुधा कुणी तपासलेलंच नसतं.

यात 'कंटेनर' बनवायचा असतो, म्हणजे एक मोठी फाइल जी उघडल्यावर ड्राइव्हसारखी वागते. 'क्रिएट व्हॉल्यूम' दाबायचं, फाइल कंटेनर निवडायचा, जागा आणि नाव द्यायचं. एईएस आणि एसएचए-५१२ (पासवर्ड फिरवणारा तो गणिती घाणा) हे आधीच निवडलेले असतात, त्यांना हात लावू नका. मग आकार. कागदपत्रं आणि स्कॅन ठेवायचे असतील तर दोन जीबी खूप झाले. फोटो असतील तर अंदाज घ्या, कारण पुढे आकार वाढवणं जरा कटकटीचं आहे. पासवर्ड वीस अक्षरांहून लहान दिला तर ते टोकतं. मग एक गमतीची पायरी येते: खिडकीत माउस वेडावाकडा फिरवायला सांगतं आणि खालची पट्टी हळूहळू भरत जाते. तुमच्या हाताच्या त्या अनिश्चित हालचालींतून ते किल्लीसाठी यदृच्छ आकडे गोळा करत असतं. तेवढी मिनिटभराची मेहनत टाळू नका.

वापरताना यादीतून एखादं रिकामं अक्षर निवडायचं, समजा पी. कंटेनरची फाइल दाखवायची, 'माउंट' म्हणायचं, पासवर्ड द्यायचा. 'धिस पीसी'मध्ये पी नावाची ड्राइव्ह उगवते. तिच्यात वर्ड, एक्सेल, फोटो नेहमीसारखं काम करा. लिहिताना एन्क्रिप्ट आणि वाचताना उलट हे आपसूक चालतं. काम झालं की 'डिसमाउंट' (नव्या आवृत्तींत 'अनमाउंट') म्हणून ती बंद करायची. पासवर्ड चुकला तर संदेश येतो की एक तर पासवर्ड चुकीचा आहे किंवा ही व्हेराक्रिप्टची फाइलच नाही. सॉफ्टवेअरला यातलं नेमकं काय ते खरंच सांगता येत नाही. कंटेनरवर ओळखीची कसलीच खूण नसते, बाहेरून तो निव्वळ यदृच्छ आकड्यांचा ढीग असतो.

सामायिक कॉम्प्युटरवर दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. उघडलेली पी ड्राइव्ह त्या वेळी लॉगिन असलेल्या सगळ्या वापरकर्त्यांना दिसते, आणि 'स्विच यूजर' केल्यानं ती बंद होत नाही. म्हणजे मुलगी म्हणाली, 'बाबा, दोन मिनिटं द्या, प्रिंट काढते,' आणि तुम्ही खातं बदलून दिलं, तर तुमची ड्राइव्ह तिच्यासमोर उघडी आहे. सेटिंगमध्ये आपोआप बंद होण्याचे पर्याय आहेत: लॉगऑफ झाल्यावर, स्क्रीनसेव्हर आल्यावर, कॉम्प्युटर झोपी गेल्यावर, किंवा ठरावीक मिनिटं वापर नसल्यावर. सगळ्यांवर टिक करा. झोपी जाण्याचा पर्याय तर नक्की, कारण स्लीपमध्ये किल्ली रॅममध्ये तशीच राहते. २००८ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी रॅमच्या चिप गार करून त्यातून अशा किल्ल्या वाचून दाखवल्या होत्या. घरात तुमच्यावर कुणी तो प्रयोग करणार नाही, पण लॅपटॉप झाकून बॅगेत टाकणं म्हणजे बंद करणं नव्हे, एवढं त्यातून कळतं.

दुसरी गोष्ट: कंटेनर कुणाला उघडता आला नाही तरी डिलीट करता येतो. 'ही दोन जीबीची कसली फाइल? जागा खाते आहे' म्हणून घरातल्या सफाईप्रेमी माणसानं ती उडवली, की पासवर्ड काय कामाचा? रॅन्समवेअरही, म्हणजे खंडणीसाठी फाइली अडकवणारा व्हायरस, ती खुशाल पुन्हा एन्क्रिप्ट करून ठेवतं. तेव्हा कंटेनर आपल्या खात्याच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि प्रत दुसरीकडे. प्रत पेनड्राइव्हवर घेताना एक अडचण येऊ शकते: जुन्या पेनड्राइव्हचा फॉरमॅट फॅट-३२ असेल तर चार जीबीहून मोठी फाइल त्यावर बसत नाही, एक्सफॅट करून घ्यावा लागतो. गूगल ड्राइव्ह वगैरेवर कंटेनर आपोआप सिंक करायचा असेल तर आणखी एक भानगड. आत बदल झाला तरी बाहेरच्या फाइलवरची तारीख व्हेराक्रिप्ट मुद्दाम जुनीच ठेवतं, त्यामुळे सिंक करणाऱ्याला बदल झाला हेच कळत नाही. सेटिंगमध्ये हे बदलता येतं. क्लाउडसाठीच हवं असेल तर क्रिप्टोमेटर बरं. ते प्रत्येक फाइल वेगळी एन्क्रिप्ट करतं, त्यामुळे एक कागद बदलला म्हणून दोन जीबी पुन्हा चढवावे लागत नाहीत.

मॅकवाल्यांना हे काहीच बाहेरून आणायला नको. डिस्क युटिलिटीत एन्क्रिप्ट केलेली डिस्क इमेज बनते, कामाला अगदी व्हेराक्रिप्टच्या कंटेनरसारखी. लिनक्सवर एन्क्रिप्शनसाठी लक्स आहे.

एक-दोन फाइलींचाच प्रश्न असेल तर सेव्हन-झिप पुरतं. सेव्हन-झेड फॉरमॅट घ्या, पासवर्ड द्या आणि 'एन्क्रिप्ट फाइल नेम्स' वर टिक करा. ती नसेल तर आतला मजकूर बंद पण नावं उघडी राहतात, आणि 'घटस्फोट नोटीस मसुदा' हे नावच पुष्कळ सांगून जातं. साधा झिप फॉरमॅट निवडला तर पद्धत झिपक्रिप्टो नको, एईएस-२५६ घ्या. झिपची जुनी पद्धत कशी फोडायची हे १९९४ मध्येच छापून आलेलं आहे. एक्सेलमध्ये 'प्रोटेक्ट शीट' म्हणजे एन्क्रिप्शन नव्हे. तो पासवर्ड फक्त चुकून कुणी सूत्र बदलू नये म्हणून असतो आणि चुटकीसरशी काढता येतो. पगारपत्रक लपवण्यासाठी तो वापरणारे हिशोबनीस मी पाहिलेत. खरं एन्क्रिप्शन 'फाइल', 'इन्फो', 'एन्क्रिप्ट विथ पासवर्ड' या वाटेनं लागतं.

कुलूप लावलं तरी मागे पाऊलखुणा राहतात, आणि हाच भाग सगळ्यात जास्त दुर्लक्षित. मूळ फाइल कंटेनरमध्ये कॉपी करून बाहेरची डिलीट केली, तर ती रिसायकल बिनमध्ये आहे. बिन रिकामं केलं, तरी जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर तिचा मजकूर पुसला जात नाही, फक्त जागा मोकळी म्हणून लिहिली जाते. फुकटची रिकव्हरी सॉफ्टवेअर तो परत काढतात. एसएसडीवर, म्हणजे फिरता भाग नसलेल्या नव्या डिस्कवर, ही शक्यता बरीच कमी, पण पूर्ण भरवसा तिथेही नाही. सेव्हन-झिपमधून फाइल थेट दोनदा क्लिक करून उघडली तर ते आधी टेंप फोल्डरमध्ये तिची उघडी प्रत ठेवतं. फोटो असतील तर विंडोजनं त्यांची छोटी चित्रं आपल्या साठ्यात जपलेली असतात. वर्डची ऑटोरिकव्हर प्रत वेगळीच. 'रिसेंट'च्या यादीत नाव असतंच. यावरचा साधा उपाय म्हणजे खासगी फाइल बाहेर जन्मूच द्यायची नाही: स्कॅन करताना, डाउनलोड करताना, थेट उघडलेल्या पी ड्राइव्हवरच सेव्ह करायची. आणि संपूर्ण डिस्कवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शनही चालू असेल, तर निदान चोराच्या हाती या खुणा लागत नाहीत. गेट आणि फ्लॅटचं दार, दोन्ही हवीत ती याचसाठी.

'हार्डवेअर एन्क्रिप्शन' असं लिहिलेले महागडे पेनड्राइव्ह मिळतात. जानेवारी २०१० मध्ये एसवायएसएस या जर्मन कंपनीनं दाखवून दिलं की किंग्स्टन, सॅनडिस्क आणि व्हर्बाटिम यांचे असे काही पेनड्राइव्ह अमेरिकी सरकारी प्रमाणपत्र असूनही उघडता येतात. आतलं एईएस अस्सल होतं. पण पासवर्ड बरोबर आहे का, हे कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर तपासायचं आणि बरोबर असेल तर पेनड्राइव्हला 'उघड' असा ठरलेला संदेश पाठवायचं. संदेश नेहमी तोच, पासवर्ड कोणताही असो. तो संदेश पाठवला की झालं. २०१८ मध्ये नेदरलँड्सच्या राडबाउड विद्यापीठातल्या दोघांनी स्वतःच एन्क्रिप्ट करणाऱ्या काही एसएसडींमध्ये याच जातीचे दोष काढले. बिटलॉकर तोवर अशा ड्राइव्ह दिसल्या की त्यांच्यावरच काम सोपवून मोकळं होत असे. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टनं ती सवय बदलली. डब्यावर 'मिलिटरी ग्रेड' छापलेलं दिसलं की मला ही दोन प्रकरणं आठवतात.

आणि जो कॉम्प्युटर आपला नाहीच? झेरॉक्सच्या दुकानातल्या मशिनचं डाउनलोड्स फोल्डर कधी पाहिलंय? आधार, सातबारा, लग्नपत्रिका, कुणाचा फॉर्म १६, बँकेचं स्टेटमेंट, सगळं तारखेनुसार ओळीनं. तिथे व्हेराक्रिप्ट टाकताही येत नाही, कारण त्याला ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी लागते, आणि मिळाली तरी पासवर्ड तिथे टाइप करणं शहाणपणाचं नाही. अशा ठिकाणी शक्य तेवढं कमी न्यावं. जिथे चालतं तिथे शेवटचे चारच आकडे दाखवणारं मास्क्ड आधार द्यावं. प्रिंट झाल्यावर फाइल डाउनलोड्समधून आणि रिसायकल बिनमधूनही काढायला लावावी, त्यात संकोच करू नये. व्हॉट्सॲप वेब उघडलं असेल तर घरी पोचण्याआधी फोनवरच्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये जाऊन ते मशिन काढून टाकावं.

राहिला पासवर्ड विसरण्याचा प्रश्न. व्हेराक्रिप्टला 'फरगॉट पासवर्ड' नाही. कंपनीला फोन करून उपयोग नाही, ओळखपत्र दाखवून उपयोग नाही. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये राहणारे प्रोग्रॅमर स्टीफन थॉमस यांची ७,००२ बिटकॉइनची किल्ली एका आयर्नकी, म्हणजे पासवर्डचं कुलूप असलेल्या, पेनड्राइव्हवर बंद आहे. पासवर्डचा कागद हरवला. दहा प्रयत्नांनंतर तो पेनड्राइव्ह कायमचा मिटतो, आणि २०२१ मध्ये ही गोष्ट छापून आली तेव्हा त्यांचे आठ प्रयत्न संपलेले होते. आपल्याकडे बिटकॉइन नसतील, पण मृत्युपत्राचा मसुदा, विम्याचे कागद, म्युच्युअल फंडांची यादी असते, आणि ती ज्यांच्यासाठी ठेवली त्यांनाच उघडता आली नाही तर पंचाईत. पासवर्ड कागदावर लिहा. बंद पाकिटात, बँकेच्या लॉकरमध्ये किंवा घरातल्या कपाटात दागिन्यांच्या जागी. पासवर्ड कधीच कागदावर लिहू नये हा सल्ला ऑफिसातल्या टेबलासाठी आहे. पाकिटात कंटेनरची फाइल कुठे आहे आणि ती कशानं उघडते हेही लिहा, कारण पाहणाऱ्याला ती नुसती एक निनावी फाइल दिसणार आहे.

कंटेनरच्या सुरुवातीचा छोटासा भाग, हेडर, खराब झाला तर बरोबर पासवर्ड असूनही तो उघडत नाही. व्हेराक्रिप्ट त्याची एक प्रत कंटेनरच्या शेवटी ठेवतं. 'टूल्स'मधून आणखी एक प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर घेता येते, ती घ्यावी. फक्त पुढे कधी पासवर्ड बदललात तर ही बाहेरची जुनी प्रत नष्ट करून नवी घ्या. पासवर्ड बदलताना आतली मुख्य किल्ली तीच राहते, बदलतं फक्त तिच्यावरचं वेष्टन. त्यामुळे जुनी हेडर प्रत ज्याच्या हाती आहे, त्याला तुमच्या जुन्याच पासवर्डनं आजचाही कंटेनर उघडता येतो. जुना पासवर्ड कुणाला कळला असा संशय असेल तर तो बदलण्यापेक्षा नवा कंटेनर बनवून फाइली त्यात हलवलेल्या बऱ्या.